डावी वही, उजवी वही

माझी वहिनी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी पाय बघते. मी तिची नणंद, तेव्हा वहिनीचं कौतुक माझ्या तोंडून ऐकताना तुम्हाला जरा शंका येईल. येऊ दे. दादानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा सगळा वेळ ही खाली मान घालून बसलेली. आई खूश, म्हणाली, किती लाजाळू आहे. लाजाळू कसली! जाताना दारात मला हळूच म्हणाली, की तुमची डावी चप्पल टाचेला आतून झिजलीय आणि उजवी बाहेरून, कंबर दुखत असेल. दुखत होती. दोन वर्षं दुखत होती आणि मी आईच्या गादीला दोष देत होते.

दुकान आमच्या बाबांचं आणि काकांचं. रस्त्याकडेला एक खिडकी, आत तीन ढांगांची खोली, आणि भिंतीभर फळ्यांवर लाकडी पाय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाचा लाकडी पाय करायचा आणि त्याच्यावर बूट चढवायचा, अशी कामाची पद्धत. इथे येतात ती ज्यांचा एक पाय आखूड आहे, टाच वळलेली आहे, बोटं नाहीत, किंवा आजारपणानं पाऊल वाळलंय अशी माणसं. बाबांनी हे काम आधी मला शिकवायला घेतलं होतं. आठव्या दिवशी मी कातडं कापायची रापी रागानं भिंतीवर फेकली आणि त्यांनी मला हात जोडले. दादाला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली, तो तिथेच रमला. राहिली ही, परक्या घरून आलेली. हिनं पाच वर्षं बाबांच्या शेजारी बसून सगळं उचललं, आणि आता तेवीस वर्षं एकटी करते.

आता वह्यांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. बाबा आणि काका एकदा भांडले. कशावरून, तर खिडकीजवळ कोणी बसायचं यावरून. चार वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत, पण दुकान एक, गिऱ्हाईक एक, करणार काय? मग बाबांनी डावे बूट करायचे आणि काकांनी उजवे, असं ठरलं. कसं ठरलं कोण जाणे, कारण बोलत तर नव्हते. प्रत्येकानं आपली वही केली. डाव्या वहीत डाव्या पायांची मापं, दर, दुरुस्त्या, आणि उजव्या वहीत उजव्यांच्या. निरोप गिऱ्हाइकाच्या तोंडून जायचे: त्यांना सांगा, मी टाच अर्ध्या बोटानं चढवलीय. पुढे काका तापानं महिनाभर झोपले, बाबांना दोन्ही पाय करावे लागले, आणि ते बघायला गेले तेव्हा म्हणाले, उजवा पाय अवघड असतो हं. झालं, भांडण संपलं. वह्या मात्र दोनच राहिल्या. आम्हा पोरांना वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं.

वहिनीनंही वह्या एक केल्या नाहीत. मी एकदा सुचवलं, तर म्हणाली, "वन्सं, दोन पाय म्हणजे दोन गिऱ्हाइकं. एकाचं दुखणं दुसऱ्याला माहीत नसतं." तिचा आणखी एक शिरस्ता आहे. बूट दिल्यादिवशी पैसे घ्यायचे नाहीत. आठ दिवस घालून चालायचं, कुठे चावतो ते सांगायचं, ती दुरुस्त करणार, आणि मग पैसे. कुणी आठाचे ऐंशी दिवस केले तरी ही विचारणार नाही. मी विचारते. दुकानात माझी नेमणूक त्याचसाठी आहे असं दादा म्हणतो.

तर गेल्या वर्षी दुकानाचं भाडं वाढलं. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. वहिनीचे हात तेच, दिवस तेवढाच, बूट महिन्याला वीस-बावीस, त्यात भाडं आणि कातडं भागेना. तिनं आम्हाला न सांगता तयार बुटांच्या कारखान्यात चौकशी करून ठेवली होती. तिथे सोल चिकटवायचं काम होतं, नगावर पैसे. मला कळलं तेव्हा मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही, आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडले. ज्या हातांनी माणसं सरळ चालायला लागली, ते हात डबाबंद बुटांना डिंक फासणार?

एकच आशा होती. गावाच्या त्या टोकाला मुलांचं उपचार केंद्र आहे. तिथल्या छत्तीस मुलांचे बूट सहा महिने प्रयोग म्हणून वहिनीकडे दिले होते. प्रयोग संपला आणि पत्र आलं: मुलांना बूट मानवलेत, पण कारखान्याचा दर कमी आहे. तेव्हा तीन आठवड्यांत प्रत्येक मुलामागचा सहा महिन्यांचा खर्च आणि संगणकावरची रीतसर बिलं पाठवा, ती बघून कायमचं काम कुणाला द्यायचं ते ठरवू. वहीतली पानं चालणार नाहीत. म्हणजे बिलं धड गेली तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप. घोडामैदान तीन आठवड्यांवर.

बिलांचं सॉफ्टवेअर विकणारा एक तरुण दुकानात येऊन गेला. महिन्याला वर्गणी भरायची आणि सगळी माहिती त्यांच्या संगणकांवर राहणार. वहिनीनं विचारलं, त्यांच्या म्हणजे कुठल्या? तो म्हणाला, ते आम्हालाही नक्की माहीत नसतं. त्याला वाटलं, यानं बाई खूश होतील. ही उठली आणि दार उघडून उभी राहिली.

तिचंही बरोबर होतं. पाय हे माणसाचं गुपित असतं. या गावात एक मोठ्या हुद्द्याच्या बाई आहेत, त्यांचा एक पाय दीड बोट आखूड आहे, आणि त्यांच्या नवऱ्यालाही ते ठाऊक नाही. वहिनीला ठाऊक आहे, आणि वहीला. मला सुद्धा बाई कोण ते ती सांगत नाही. मी सगळ्या हुद्देदार बायकांच्या चालीकडे बघून बघून दमले.

इथे आमच्या ह्यांनी प्रवेश केला. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. तारा, पेट्या, भंगारातले संगणक हा यांचा जीव की प्राण, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं तर इतकं वेड की बायको फुकट मिळाली असती तर आणखी एक केली असती. यांना काही विचारलं की नमनाला घडाभर तेल. पण त्या दिवशी चक्क दोन वाक्यांत सांगितलं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची शिवण कुणालाही उसवून बघता येते, आणि पटली नाही तर पुन्हा घालता येते. ते आपल्याच संगणकावर बसवायचं, म्हणजे लोकांचे पाय या खोलीबाहेर जाणार नाहीत. शिवण म्हटल्यावर वहिनीनं मान वर केली.

त्यांनी खात्यातून भंगारात निघालेला एक संगणक आणून फळीवर लाकडी पायांच्या खाली ठेवला. याला सर्व्हर म्हणायचं, म्हणाले. मी विचारलं, साध्या संगणकात आणि याच्यात फरक काय? तर याला पडदा नाही आणि सुट्टीही नाही. पडदा म्हणून यांचाच जुना लॅपटॉप जोडला. मग सॉफ्टवेअरं उतरवायला सुरुवात केली आणि चार दिवसांत पाच उतरवली. एक ना धड भाराभर चिंध्या. मी कान उपटल्यावर दोन ठेवली. दोन्ही एकदम चालवली की त्या म्हाताऱ्या यंत्राचा पंखा असा किंचाळायचा की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबायचा. म्हणजे एकच निवडायचं होतं.

पहिलं खर्चाचा मेळ बसवणारं. त्याला मी पाकीटवालं म्हणायचे. हातात आलेले पैसे आधी वेगवेगळ्या पाकिटांत घालायचे, भाड्याचं पाकीट, कातड्याचं पाकीट, दुखण्याखुपण्याचं पाकीट, आणि मगच खर्चायचे. दुसरं बिलं करणारं. गिऱ्हाईक लिहा, काम लिहा, बिल तयार, आणि बटण दाबलं की ईमेलनं पोचतं. यांनी दोन्हींचे गुणदोष कागदावर लिहून काढले, चार पानं झाली. वहिनीनं पानं बाजूला ठेवली आणि म्हणाली, घालून बघते. बुटाला लावते तोच नियम तिनं सॉफ्टवेअरला लावला. जरा कमी, चार-चार दिवस.

पाकीटवालं तिला फार आवडलं. का, तर ते न आलेला पैसा मोजतच नाही. ही म्हणाली, किती सरळ आहे हो. चार दिवसांत तिला कळलं की सुतावर ती कातड्याइतका खर्च करते, आणि मला कळलं की चहाचं पाकीट माझ्यामुळे रिकामं होतं. पण त्यात बिल काही निघेना. केंद्राला तर बिल हवं होतं.

बिलवालं पहिल्याच दिवशी चावलं. जुनं एक गिऱ्हाईक त्यात लिहिलं, बूट दिल्याची तारीख टाकली, तर त्या नावापुढे लाल अक्षरात आलं, थकबाकीदार. ते गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर चालून पायाची वाट लागलेली, आणि चालून बघताहेत म्हणून पैसे दिले नव्हते. वहिनीला ते इतकं लागलं की तिनं लॅपटॉपवर फडकं टाकलं. माझ्या गिऱ्हाइकाला माझ्या घरात कोणी असं म्हणायचं नाही, म्हणाली. मला वाटलं, संपलं. राहिले होते दहा दिवस, हातात एकही बिल नाही, आणि ही एका शब्दासाठी अडून बसलेली. मी चिडले, म्हटलं, वहिनी, शब्दापायी दुकान घालवशील.

ह्यांनी फडकं उचललं, तासभर खुडबुड केली आणि लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. लाल अक्षरं हिरवी झाली होती आणि थकबाकीदारच्या जागी लिहिलं होतं, अजून चालून बघताहेत. सॉफ्टवेअरमधले शब्द एका फायलीत असतात, ते आपले आपण बदलता येतात, एवढंच होतं ते. वहिनी त्या ओळीकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, भाऊजी, हेच ठेवा, हे पायाप्रमाणे सैल होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण आमच्या ह्यांचा मला असा अभिमान क्वचित वाटला असेल. अर्थात मी बोलून दाखवलं नाही, चहा मात्र दोनदा केला.

मग नोंदी करायला बसलो. मी वहीतून वाचायचं, ह्यांनी टाइप करायचं, आणि वहिनी आपली पाटावर बसून टाच घासत होती. सकाळी डावी वही घेतली. छत्तीस मुलांची नावं, कुठल्या महिन्यात काय केलं, किती पैसे. दुपारी उजवी वही. पहिलंच नाव टाकलं तर सॉफ्टवेअरनं विचारलं, या नावाचं गिऱ्हाईक आधीच आहे, तरीही नवीन करायचं का? ह्यांनी मोठ्यानं विचारलं, करायचं ना? वहिनी मान वर न करता म्हणाली, करा की, तो डावा होता, हा उजवा आहे. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? आणि छत्तीस वेळा ह्यांनी हो दाबलं. आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. संध्याकाळी वहिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि आपल्या बोटानं बटण दाबून सगळी बिलं केंद्राकडे पाठवली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. मीच घेतला. तिथल्या हिशेबनीस बाई बोलत होत्या, आवाज अगदी थंड. "आमच्याकडे छत्तीस मुलं आहेत. तुम्ही बहात्तर मुलांची बिलं पाठवली आहेत." उद्या अकरा वाजता मूळ वह्या घेऊन या, एवढं म्हणून फोन ठेवला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सरळ सरळ लबाडीचा आरोप होता तो. मुलांच्या नावानं दुप्पट बिलं लावली! मी ह्यांना नाही नाही ते बोलले. यंत्र विचारत होतं ना, आधीच आहे म्हणून? मग डोकं कुठे ठेवलं होतं? ते बिचारे म्हणाले, तूच तर म्हणालीस, हे काय विचारणं झालं. ते खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले. दादानं रात्रीचं जेवण बांधून पाठवलं होतं, वहिनीनं डबा उघडला नाही. जाताना एवढंच म्हणाली, की काम गेलं तर जाऊ दे, पण मुलांच्या पायांवर मी चोरी केली असं कुणी म्हणायला नको. त्या क्षणी मला कारखाना, भाडं, कुलूप सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं आणि हिला दिसत होतं ते वेगळंच.

सकाळी तिनं दोन्ही वह्या कापडात बांधल्या. मी म्हटलं, मी येणार. ती म्हणाली, या, पण बोलू नका. कर नाही त्याला डर कशाला, असं मी वाटेवर दहादा म्हणून घेतलं. दहाही वेळा माझाच आवाज कापत होता.

हिशेबनीस बाईंची खोली लांबट होती, मधोमध मोठं टेबल. बाई किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, कानावर लाल पेन्सिल. टेबलावर त्यांनी आमची बहात्तर बिलं छापून दोन रांगांत मांडली होती, खाली-वर तेच नाव येईल अशी. बसा म्हणाल्या नाहीत. "बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "ते मी तीनदा तपासलं. पण हे काय आहे ते मला कळत नाही."

वहिनीनं वह्या सोडल्या. एका मुलीची वरची-खालची दोन बिलं उचलून बाईंसमोर ठेवली आणि दोन्ही वह्यांत त्या मुलीचं पान उघडलं. म्हणाली, हा हिचा डावा पाय. हा थांबलाय, सहा महिन्यांत वाढला नाही, म्हणून एकच बूट, अजून धड आहे. हा उजवा, हा वाढतोय, म्हणून तीनदा बूट केला. या मुलाचा उजवा पाय आपल्या सगळ्यांसारखा, त्याला साधा बूट, म्हणून रक्कम लहान. डाव्याला टाच चढवावी लागते, म्हणून मोठी. तिचा आवाज इतका साधा होता, जसं काही घरी बसून कुणाला टाका दाखवतेय. एकेक करून तिनं सात-आठ मुलांचे पाय सांगितले. एकाही मुलाचं नाव तिला वाचावं लागलं नाही.

बाई उठल्या. मला वाटलं, वरच्या साहेबांना बोलावतायत. पण त्यांनी कोपऱ्यातलं उंच कपाट उघडलं. आत बूट भरले होते, कारखान्याचे, कोरे करकरीत, सोलला धूळसुद्धा नाही. आणि प्रत्येक बूट एकटा. त्या म्हणाल्या, की दरवेळी एक पाय वाढला की आम्ही जोड घेतो, एक घालतो आणि एक इथे ठेवतो. टाकवत नाही म्हणून ठेवतो. किती वर्षं ठेवतोय, हिशेबात जोड एवढंच लिहितोय. मग वहिनीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही एक बूट विकता?"

"मी जोड कधी विकलाच नाही हो," वहिनी म्हणाली.

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली, पण लिहिलं काही नाही. आम्हाला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. ठरवणारे दुसरे आहेत, पत्रानं कळवू, म्हणाल्या. दारापर्यंत आल्या तेव्हा वहिनीनं सवयीनं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि मी तिला कोपरानं ढोसलं. त्या दिवशी पुरे होतं.

नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत माझं काय झालं ते विचारू नका. पोस्टमन रस्त्याच्या टोकाला दिसला की मी पायरीवर. ह्यांनी रोज संध्याकाळी सर्व्हरचा बॅकअप घेतला, एकदा तर दोनदा घेतला, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. वहिनी मात्र काम करत होती.

दहाव्या दिवशी पत्र आलं. मी फोडणार होते, वहिनीनं हात पुढे केला. हात डिंकानं चिकट होते, पाकीट बोटांना चिकटलं, ते सोडवता सोडवता माझा जीव अर्धा झाला. तिनं उभ्यानंच वाचलं. मग पाटावर बसली, पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गेलं. मी काही बोलणार तोच तिनं कागद माझ्याकडे दिला आणि एका ओळीवर बोट ठेवलं, चिकट बोटाचा ठसा तिथे उमटला.

काम कायमचं मिळालं होतं. पहिल्या तिमाहीची मागणी खाली लिहिली होती: मुलं छत्तीस, बूट एक्केचाळीस.

"वन्सं," वहिनी रडत रडत हसत म्हणाली, "त्या बाईंनी एकेक पाय मोजला."